अनध्याय आणि विद्यार्थ्यांचा योगक्षेम

१. आपल्या प्राचीन पाठशाळांना कोणीं कोणतीं दानें दिलीं, याविषयीं शिलालेख व ताम्रपट यांच्या आधारें आजवर पुष्कळ लेखन झालें आहे. पाठ कोणत्या दिवशीं बंद ठेवावा, याचा विचारहि धर्मशास्त्रकारांनीं मोठ्या बारकाईनें केलेला आहे. परंतु हे दोन विषय बहुधा निरनिराळ्या टिपणवह्यांतच राहिले. दानलेख वाचणारानें अनध्यायप्रकरण चाळावें, किंवा धर्मशास्त्र वाचणारानें शाळेच्या कोठाराची चौकशी करावी, असा योग क्वचितच येतो. प्रस्तुत लेखांत ह्या दोन विषयांची सांगड घालून एका लहान दिसणाऱ्या प्रश्नाचा विचार आम्हांस करावयाचा आहे. वादळ, मेघगर्जना, धुळीचा लोट किंवा दाट धुकें यांमुळें शाळा बंद राहिली, तर त्या दिवशीं विद्यार्थ्याच्या पानांत काय पडत असे? प्रश्न लहान खरा. परंतु विद्यार्थ्यास जें मिळतें तें त्याच्या हजेरीचें मोल आहे कीं त्याच्या निर्वाहाची तरतूद आहे, ह्या मोठ्या प्रश्नाची किल्ली त्यांत आहे.

२. प्रथम शास्त्राचें मत पाहूं. वेदाध्ययनाचें वर्ष उपाकर्मानें सुरू होतें. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायांत श्रावणी किंवा भाद्रपदी पौर्णिमेस उपाकर्म करून साडेचार महिने अध्ययन करावें, असें विधान आहे. म्हणजे पाठाचा मुख्य काळ भर पावसाळ्यांतच उघडतो. वाटा चिखलाच्या झालेल्या, नद्या भरलेल्या, प्रवास थांबलेला; अशा वेळीं गुरु व शिष्य एका जागीं स्थिर असतात. बौद्ध भिक्षूंचा वर्षावास ह्याच ऋतूंत पडतो, हेंहि येथें ध्यानांत घेण्याजोगें आहे. अर्थात् पाऊस हा शाळेचा शत्रु नव्हता. पावसाच्या आश्रयानेंच शाळा भरत होती.

मग बंद कशानें पडत असे? मनूनें पावसाळ्यापुरते दोन प्रसंग आरंभींच सांगितले आहेत. रात्रीं वारा कानांत घोंघावूं लागला किंवा दिवसा धूळ उडवूं लागला, म्हणजे पाठ थांबवावा. विजा, गर्जना व पाऊस एकदम होत असतील आणि मोठमोठ्या उल्का पडत असतील, तर दुसऱ्या दिवशीं तीच वेळ येईपर्यंत अनध्याय. ऋतु नसतां आकाशांत ढग दिसले तरी अनध्याय. याज्ञवल्क्यानें धूलिवर्षाव व दाट धुकें यांचीहि गणना केली आहे व असे सदतीस अनध्याय तात्कालिक, म्हणजे तें निमित्त असेल तेवढ्यापुरते, असें म्हटलें आहे. संध्यासमयींची गर्जना, भूकंप, उल्कापात यांस मात्र त्यानें पूर्ण अहोरात्र दिलें आहे. गौतम व आपस्तंब यांच्या सूत्रांतहि हाच विषय विस्तारानें आलेला आहे. आणि महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांनीं धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या दुसऱ्या खंडांत ह्या सर्व वचनांचा परामर्श घेतला आहे.

हीं वचनें केवळ भीतीचीं किंवा अपशकुनाचीं आहेत, असें मानण्याचा प्रघात आहे. आमच्या मतें तो एकांगी आहे. विद्या मुखानें द्यावयाची व कानानें घ्यावयाची होती. स्वराचा एक चढउतार चुकला तरी पाठ बिघडला. वारा कानांत घोंघावत असतां संथा घेतली, तर ती चुकीची बसणार व पुढें जन्मभर ती चूक निस्तरावी लागणार. तेव्हां उल्का व दिग्दाह यांत अद्भुताचें भय असेल. वारा व गर्जना यांत मात्र अध्यापकाचा व्यवहारहि स्पष्ट दिसतो.

३. आतां ज्या दिवशीं पाठ नाहीं त्या दिवशीं भिक्षेचें काय? शास्त्राचें उत्तर अगदीं निःसंदिग्ध आहे. ब्रह्मचाऱ्यानें भिक्षा मागणें व अग्नींत समिधा घालणें हीं नित्यकर्में होत. आजारी नसतां सात रात्रीं हीं दोन कर्में टाकलीं, तर अवकीर्णिव्रताचें प्रायश्चित्त करावें, असें मनूनें दुसऱ्या अध्यायांत सांगितलें आहे. सूट आहे ती आजाऱ्याला; पावसाचें नांव तेथें नाहीं. त्याच अध्यायांत असेंहि म्हटलें आहे कीं, वेदांगें, नित्य स्वाध्याय व होममंत्र यांस अनध्यायाचा अडसर नाहीं.

ह्या दोन वचनांचा एकत्र विचार केला म्हणजे व्यवस्था स्पष्ट होते. वादळानें गुरूचा पाठ थांबे. शिष्याची झोळी थांबत नसे. गृहस्थ जी भिक्षा घाली ती आज किती ऋचा झाल्या हें विचारून घालीत नसे. शिष्य गुरुकुलांत राहतो व व्रत पाळतो, एवढेंच त्याला पुरेसें होतें. अलीकडच्या काळापर्यंत पुण्यांत व अन्य विद्याक्षेत्रांत चालत आलेली माधुकरी आणि वार लावून जेवण्याची चाल, ह्या दोहोंचें मूळ ह्याच तत्त्वांत आहे. ज्याचा सोमवार ज्या घरीं लागला त्याला त्या घरीं सोमवारीं अन्न मिळावयाचें. त्या दिवशीं शाळा भरली कीं अनध्याय पडला, ह्याची नोंद यजमानीण ठेवीत नसे.

४. दानलेखांकडे वळलों म्हणजे हेंच तत्त्व दगडावर कोरलेलें आढळतें. पहिला लेख साळोटगीचा. हें गांव आज कर्नाटकांत, विजापूर (विजयपूर) जिल्ह्याच्या इंडी तालुक्यांत आहे. राष्ट्रकूट सम्राट् तिसरा कृष्ण याचा सांधिविग्रहिक नारायण यानें येथें त्रैपुरुषाची शाळा बांधिली. लेखाचा काळ शके ८६७, म्हणजे इ. स. ९४५, भाद्रपद अमावास्या, सूर्यग्रहण असा आहे. निरनिराळ्या देशांतून आलेले विद्यार्थी येथें राहत. त्यांच्या राहण्यासाठीं सत्तावीस घरें, शाळेसाठीं पांचशें निवर्तनें जमीन, दिव्यांसाठीं बारा निवर्तनें व व्याख्यात्यासाठीं पन्नास निवर्तनें अशी तरतूद झाली. शिवाय गांवांतील प्रत्येक लग्नामागें ठराविक देणें, मुंजीस त्याच्या निम्मे व चौलास मुंजीच्या निम्मे, असा नियम घालून दिला. आणि कांहीं निमित्तानें ब्राह्मणभोजन घालावयाचें झाल्यास शाळेच्या परिषदेस यथाशक्ति जेवूं घालावें, असेंहि सांगून ठेविलें.

ह्या तरतुदीची बांधणी बारकाईनें पाहण्यासारखी आहे. लग्नमुंजींचे मुहूर्त बहुधा उत्तरायणांत. तेव्हां त्या देण्याचा ओघ चातुर्मासांत आटणार हें उघड आहे. परंतु मुख्य भार त्यांवर ठेविलेलाच नाहीं. तो जमिनीवर आहे, आणि जमिनीचें उत्पन्न वर्षाच्या हिशेबानें येतें. एकदां धान्य कोठारांत पडलें म्हणजे पुढें गडगडाट झाला काय नि न झाला काय, त्यानें कोठारांतील एक दाणाहि कमी होत नाहीं. विद्यार्थ्यास धोका होता तो अवर्षणाचा किंवा अतिवृष्टीचा, म्हणजे पीक बुडण्याचा. शाळा एक दिवस बंद राहण्याचा नव्हे. दिव्यांची बारा निवर्तनें वेगळीं काढलीं आहेत, हेंहि लक्षांत घ्यावें. झांकोळलेल्या दिवशीं व रात्रीं चिंतन चालावें, ही दृष्टि त्यांत दिसते.

येथें आणखी एका योगाकडे आम्ही वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों. अमावास्या हा स्वतःच नित्य अनध्याय, आणि ग्रहण लागलें असतां मनूच्या मतें तीन दिवस वेदपाठ बंद. म्हणजे साळोटगीच्या विद्यार्थ्यांचें अन्न ज्या दिवशीं कायमचें बांधून दिलें, त्या दिवशीं शास्त्रानें त्यांचा पाठ दुहेरी बंद होता! ग्रहणकालीं दानाचें पुण्य अधिक, म्हणून दाता तो दिवस निवडी, हें खरेंच. शाळेच्या सुट्टीचा विचार त्याच्या मनांत असेल असें आम्ही म्हणत नाहीं. तथापि दान व पाठ हीं दोन स्वतंत्र चक्रें होतीं, एक थांबलें असतां दुसरें फिरत राही, ह्याचें याहून चांगलें उदाहरण शोधावयास नको.

५. दुसरा लेख आपल्या खानदेशांतला, चाळीसगांवजवळच्या पाटण येथील. डॉ. भाऊ दाजी यांनीं तो प्रथम उजेडांत आणिला. यादव राजा सिंघण याचा मुख्य ज्योतिषी चांगदेव हा भास्कराचार्यांचा नातू. भास्कराचार्यांच्या सिद्धांतशिरोमणि इत्यादि ग्रंथांचें अध्ययन चालावें म्हणून त्यानें मठ स्थापिला व निकुंभवंशीय सोइदेवानें त्यास दान दिलें. काळ शके ११२८, प्रभव संवत्सर, श्रावणी पौर्णिमा, चंद्रग्रहण, म्हणजे इ. स. १२०७. लेखाचा शेवटचा भाग जुन्या मराठींत असून त्यांत पेठेंतील व्यवहारांवरचीं लहानलहान देणीं व घाण्यामागें पळीच्या मापानें तेल, अशा बाबी आल्या आहेत. मराठी भाषेच्या अभ्यासकांस हा भाग सुपरिचित आहे. आमच्या प्रश्नालाहि तो तितकाच उपयुक्त आहे.

येथेंहि ग्रहण आहे, आणि दिवस तर उपाकर्माचाच आहे. परंतु विषय ज्योतिषाचा, म्हणजे वेदांगाचा. मनूच्या वचनाप्रमाणें वेदांगास अनध्याय नाहीं. तेव्हां ढगांचा गडगडाट ह्या मठाचें दार बंद करूं शकत नव्हता. उत्पन्नाची घडण मात्र साळोटगीहून निराळी आहे. येथें पेठ व घाणा आले. म्हणजे जें मिळावयाचें तें रोजच्या व्यवहारांतून, थेंबाथेंबानें. झडीच्या दिवसांत बाजार मंदावला तर मठाचा वांटाहि मंदावणार. हवामानाचा परिणाम विद्यार्थ्यावर होतो तो शाळेच्या दारांतून नव्हे, तर बाजाराच्या दारांतून. हा भेद ह्या दोन लेखांच्या तुलनेनें स्पष्ट होतो.

६. तिसरा लेख तामिळ देशांतील एण्णायिरम् येथील, पहिल्या राजेंद्र चोळाच्या काळचा, म्हणजे अकराव्या शतकाच्या पूर्वार्धांतला. यांत आंकडे इतके स्पष्ट आहेत कीं, एखाद्या वसतिगृहाची खतावणीच आपण वाचीत आहों असें वाटतें. कनिष्ठ विद्यार्थी २७०, त्यांस प्रत्येकीं रोज ६ नाळी भात. वरिष्ठ विद्यार्थी ७०, त्यांस प्रत्येकीं रोज १ कुरुणी २ नाळी. आठ नाळींची एक कुरुणी धरली म्हणजे वरिष्ठास १० नाळी होतात. पहिल्या वर्गाच्या १६२० व दुसऱ्याच्या ७०० मिळून रोज २३२० नाळी भात विद्यार्थ्यांकडे लागे. व्याकरण व मीमांसा शिकविणारांस रोजच्या भाताखेरीज सोनें मिळे, व तें शिकविलेल्या अध्यायांच्या हिशेबानें, अध्यायास एक कळंजु याप्रमाणें मोजलेलें असे.

ह्या शेवटच्या बाबीचें महत्त्व फार आहे. गुरूच्या सोन्याचें माप काम आहे. शिष्याच्या भाताचें माप दिवस आहे. अनध्याय पडला तर अध्याय लांबतो व गुरूचें सोनें उशिरां हातीं येतें. परंतु विद्यार्थ्याच्या सहा नाळी त्या दिवशींहि मोजाव्याच लागतात, कारण भूक अनध्याय पाळीत नाहीं. दात्यानें हा भेद समजून उमजून केला आहे, असें आम्हांस वाटतें. शिकविण्याची गति गुरूच्या हातीं असते, म्हणून तिचा लाभ व तोटा त्याचेकडे. आकाशाची गति कोणाच्याच हातीं नसते, म्हणून तिचा तोटा विद्यार्थ्यावर घातलेला नाहीं.

पालार, चेय्यार व वेगवती ह्यांच्या संगमावरील तिरुमुक्कूडल येथील वीरराजेंद्राच्या लेखांतहि (इ. स. १०६७ च्या सुमारास) हीच दृष्टि आहे. तेथें साठ जणांच्या भोजनाबरोबर निजावयास चटया, रात्रीं दिवा व शनिवारच्या अभ्यंगास तेल यांची तरतूद आहे. चटई आणि तेल यांचा पाठाशीं संबंध नाहीं. संबंध आहे तो तेथें राहणाऱ्या मुलाशीं. निर्वाह हा शब्द त्या दात्यांनीं किती व्यापक अर्थानें घेतला होता, हें यावरून दिसून येतें.

७. आतां पुण्याकडे येऊं. खंडेराव दाभाडे यांनीं तळेगांवास सुरू केलेली श्रावणमासची दक्षिणा, डभईच्या लढाईंत इ. स. १७३१ सालीं त्रिंबकराव पडल्यानंतर पहिल्या बाजीराव पेशव्यांनीं पुण्यास आणिली, ही हकीकत सर्वविदित आहे. पर्वतीच्या पायथ्याशीं रमण्यांत ब्राह्मणांस घेत व दरवाजांतून बाहेर पडतांना दक्षिणा त्यांच्या हातीं पडे. विद्येचा गौरव हा तिचा हेतु. परंतु तिची घडण पूर्वीच्या दानांच्या उलट आहे. साळोटगीस अन्न विद्यार्थ्याच्या घराशीं आलें. पुण्यास विद्वानानें दक्षिणेच्या दाराशीं जावयाचें, आणि तेंहि श्रावणांत. कोंकणांतून येणाऱ्यास घाट चढावयाचा, देशावरून येणाऱ्यास भरलेल्या नद्या ओलांडावयाच्या. जो रमण्यांत पोंचला तो पात्र. जो नदीकांठीं अडकला त्याची विद्या कितीहि मोठी असो, त्या वर्षीं तिचें मोल शून्य. हजेरी ही पात्रतेची खूण येथें प्रथमच इतक्या ठळकपणें पुढें येते.

इंग्रजी अंमल झाल्यावर एल्फिन्स्टनच्या धोरणानुसार दक्षिणेपैकीं सुमारें पन्नास हजार रुपये वार्षिक रक्कम चालू ठेवण्यांत आली, आणि तिच्याच एका भागांतून कमिशनर चॅपलिन यानें ६ आक्टोबर १८२१ रोजीं विश्रामबागवाड्यांत संस्कृत पाठशाळा उघडिली. विद्यार्थ्यांस दरमहा वेतन ठरलें. ही पाठशाळा १८५१ सालीं पुणें कॉलेजांत विलीन झाली व पुढें त्याचेंच डेक्कन कॉलेज झालें. दक्षिणेच्या पैशांतून निघालेल्या दक्षिणा फेलोशिपांनीं अनेक तरुण पदवीधरांस आधार दिला. ह्या स्थित्यंतराचा आमच्या प्रश्नाशीं संबंध असा कीं, भात, तेल, चटई यांच्या जागीं मासिक रोकड आली. रोकडीबरोबर हिशेबाची वही आली, वहीबरोबर हजेरीपट आला, आणि हजेरीपटाबरोबर शाळा बंद राहिलेल्या दिवसाचा प्रश्न.

८. हा प्रश्न आपल्या काळांत तर फारच तीव्र झाला. महाराष्ट्रांत १९९२ सालीं दारिद्र्यरेषेखालील, मागास वर्गांतील लहान मुलींसाठीं उपस्थिति-भत्ता सुरू झाला. प्रत्येक हजर दिवसास १ रुपया, वर्षाकांठीं अधिकांत अधिक २२० रुपये. मुलगी शाळेंत यावी हा हेतु स्तुत्यच होता. परंतु एण्णायिरमच्या सहा नाळींशेजारीं हा रुपया ठेवून पाहावा. सहा नाळी वर्षांतील दिवसांच्या होत्या. हा रुपया शाळा भरलेल्या दिवसांचा होता. ओढ्याला पूर येऊन शाळा उघडली नाहीं, तर मुलीचा कांहीं दोष नसतां तो दिवस मोजणींतून गळणार, हें ह्या रचनेंतच अंतर्भूत आहे.

परदेशांतहि हाच पेंच पडला. इंग्लंडांत २००४ सालीं सोळा वर्षांवरील गरजू विद्यार्थ्यांसाठीं निर्वाह-भत्ता देशभर लागू झाला. घरच्या उत्पन्नाप्रमाणें आठवड्यास १०, २० किंवा ३० पौंड, व तो हजेरीवर अवलंबून. फेब्रुवारी १९९१ नंतर लंडनकडील भागांत पडला नव्हता इतका मोठा हिमपात २ फेब्रुवारी २००९ रोजीं तेथें झाला आणि हजारों शाळा बंद राहिल्या. अशा वेळीं विद्यार्थी गैरहजर होता कीं शाळा गैरहजर होती, हा प्रश्न उभा राहतो. त्या योजनेंत योग्य कारणाच्या, परवानगीच्या गैरहजेरीनें भत्ता बुडूं नये असें तत्त्व होतें; आणि दार ज्यानें लावलें त्यानेंच आंत न आल्याबद्दल दंड करावा, हें न्यायाला धरून नाहीं, हें सांगावयास धर्मशास्त्राची गरज नाहीं. इंग्लंडांत ती योजना २०११ सालीं बंद झाली. परंतु ज्या परवानगीच्या गैरहजेरीचा नियम तेथें करावा लागला, तो आपल्या अनध्यायाचाच दूरचा भाऊ होय. फरक इतकाच कीं, आपल्याकडे अनध्याय ठरविला आकाशानें. तेथें तो ठरवावा लागला कचेरीनें.

९. वरील विवेचनाचा निष्कर्ष असा. विद्यार्थ्यास मिळणारें साहाय्य तीन मापांनीं मोजलें गेलेलें दिसतें: जमिनीच्या उत्पन्नानें, दिवसाच्या शिध्यानें व हजेरीच्या गणतीनें. पहिल्या दोहोंत हवामानामुळें बंद पडलेला दिवस विद्यार्थ्यास जाचत नाहीं. तिसऱ्यांत तो जाचतो व त्यासाठीं वेगळा नियम करावा लागतो. आपल्या पूर्वजांनीं असा नियम वेगळा लिहिला नाहीं, तो त्यांना सुचला नाहीं म्हणून नव्हे, तर त्यांच्या रचनेंत त्याची गरजच पडली नाहीं म्हणून. त्यांनीं पाठाच्या बंदीचे प्रसंग सदतीसपर्यंत मोजले; अन्नाच्या बंदीचा एकहि मोजला नाहीं.

येथें एक मर्यादा सांगणें न्यायाचें होईल. हीं दानें कांहीं थोड्या जातींच्या, थोड्या मुलांपुरतीं होतीं. एक रुपयाचा उपस्थिति-भत्ता ज्या मुलींसाठीं निघाला त्यांस साळोटगीच्या सत्तावीस घरांत प्रवेश नव्हता. तेव्हां जुन्याचा गौरव करतांना त्याची व्याप्ति विसरतां कामा नये. मात्र रचनेंतला जो चांगला विचार तो व्याप्तीच्या उणिवेमुळें खोटा ठरत नाहीं. तो अधिकांपर्यंत न्यावा, एवढेंच त्यावरून निष्पन्न होतें.

शेवटीं हस्तलिखितसंग्राहकांस एक विनंती. सनदा, ताम्रपट, मोहोरबंद पत्रें यांचा संग्रह आपण आदरानें करतों. परंतु वेदशाळा, मठ, अन्नछत्रें यांच्या रोजकीर्दी व शिधावाटपाच्या याद्या रद्दी म्हणून बांधल्या जातात किंवा वाळवीस वाहिल्या जातात. सनद देण्याचा हेतु सांगते; प्रत्यक्ष दिलें काय, हें कीर्द सांगते. श्रावणभाद्रपदांतील एखाद्या दिवशीं पाठ नाहीं असा शेरा आहे आणि त्याच दिवशीं शिध्याचा आंकडा मात्र नेहमींचाच आहे, अशी एक ओळ जरी कोणाच्या दप्तरांत सांपडली, तरी ती आमच्या दृष्टीनें एखाद्या ताम्रपटाच्या तोलाची आहे. ज्यांच्या घरीं अशा वह्या असतील त्यांनीं त्या जपून ठेवाव्या, त्यांच्या नकला कराव्या व अभ्यासकांच्या दृष्टीस पडूं द्याव्या. दगडावर जें कोरलें तें टिकलें. बोरूनें जें लिहिलें तें टिकविणें आपल्या हातीं आहे.